हाताची घडी

"बा-ई. हा-त."

संघमित्रानं माझा पदर ओढला आणि मूर्तीकडे बोट केलं. लगेच तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ते बोट मुठीत मिटून फ्रॉकच्या खिशात घातलं. मी पाहूनही पाहिलं नाही. सहलीचा दिवस होता, आणि शब्द तर तिनं तोंडानंच म्हटला होता.

बोधटेकडीच्या पायऱ्यांना पाच वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर बुद्धाची एक मूर्ती. पहिल्या मूर्तीचा उजवा हात खांद्याशी उचललेला, तळवा आपल्याकडे. मी संघमित्रासमोर उकिडवी बसले. उन्हाकडे तोंड केलं, म्हणजे माझे ओठ तिला नीट दिसतील.

"तो हात सांगतो," मी एकेक शब्द सुटा केला, "भिऊ. नकोस."

तिनं माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही. "भी-उ. न-को."

"शाबास."

तिनं मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत मूर्तीकडे. काहीतरी विचारायचं होतं. पण तेवढे शब्द तिच्याजवळ नव्हते, म्हणून ती पुढं चालू लागली.

मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होते. पाटीवर 'मूकबधिर विद्यालय' असं होतं, पण मुलं मुकी आहेत हे आम्ही मान्यच करत नव्हतो. कान नसले तरी गळा आहे, जीभ आहे, ओठ आहेत. शिकवणाऱ्याला धीर असला की वाचा फुटते, अशी आमची श्रद्धा. 'प' शिकवायचा तर मुलाच्या तोंडासमोर मेणबत्ती धरायची. ज्योत हलली की 'प' आला. 'ब' साठी त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. 'ग' सगळ्यांत अवघड, कारण तो ओठांवर दिसतच नाही. त्यासाठी जिभेचं टोक चमच्याच्या दांड्यानं दाबून धरावं लागतं, म्हणजे जीभ मागून उचलली जाते. मुलांना उमासे येतात. मी एका मुलाला 'ग' येईपर्यंत दीड महिना रोज सकाळी चमचा धरलेला आहे, आणि एकदाही आवाज चढवलेला नाही.

फक्त एक नियम होता. इतर शाळांत गुरुजी ओरडतात, "हाताची घडी, तोंडावर बोट." आमच्याकडे नुसती हाताची घडी. तोंड आम्हाला उघडं हवं होतं. मूल हातानं खुणा करायला लागलं की त्याला बोलायचा आळस चढतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मोठे सर प्रत्येक वर्गात लाकडी पट्टी ठेवायला लावत. मी ती कधी वापरली नाही. मला तळहात पुरत असे.

बोधटेकडीची सहल निघाली ती संघमित्राच्या वडलांमुळे. सुखदेव नितनवरे एसटीच्या डेपोत टायर बसवायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला भेटायला वसतिगृहावर येत आणि जाताना माझ्यासमोर उभे राहत.

"बाई, येतं का काही?"

"येतंय हो. धीर धरा."

"धरला हाये ना. तुमी म्हणान तितका धरतो."

सप्टेंबरात एकदा ते म्हणाले, "माघ पौर्णिमेले बोधटेकडीवर मेळावा असते. तिथं तिनं एकडाव तोंडानं 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणावं. तेवढे तीन शब्द. बाकी जिंदगीभर नाही बोल्ली तरी चालते."

मी हो म्हटलं. तीन शब्द, पाच महिने. त्यात एक 'ग'. टेकडीच्या ट्रस्टला मी शाळेच्या कागदावर पत्र लिहिलं. व्यवस्थापक काळबांडे यांचं उत्तर आलं, वंदनेनंतर मुलीला दोन मिनिटं देऊ. ते पत्र पर्समध्ये घालूनच मी पायऱ्या चढत होते.

माझ्यामागं वर्गातली आठ मुलं, सगळ्यांत शेवटी आमच्या सेविका गोदाबाई, आणि मध्ये नितनवरे. पांढरं शर्ट-पायजमा, खांद्याला डेपोतल्या कुणाचातरी टेपरेकॉर्डर.

"माय येऊ शकली नाही तिची," ते म्हणाले. "तान्हं हाये घरी. तिच्यासाठी आवाज भरून नेतो."

"दम लागला का?"

"नाही बा. आमच्या डेपो मॅनेजरले एकडाव चढवलं पाह्यजे इथं. झिजले टायर कशे हाफतात ते समजते त्याले."

गोदाबाई खालून ओरडल्या, "हसवू नका हो! माझा एक पाय अजून खालच्या बुद्धापाशीच आहे."

प्रत्येक वळणावर संघमित्रा थांबायची. एका मूर्तीचे हात मांडीवर एकावर एक, एकीचा उघडा तळवा खाली सोडलेला, एकीचा हात जमिनीला टेकलेला, एकीच्या दोन्ही हातांची बोटं छातीशी एकमेकांत जुळवलेली. दर वेळी ती माझ्या ओठांकडे बघे आणि मी सांगे. "हा हात सांगतो, घे." "हे हात शिकवतात." "हा हात जमिनीकडे साक्ष मागतो." ते शेवटचं तिला कळलं नाही, साक्ष म्हणजे काय हे ओठांवरून कसं कळणार? पण मी पुनःपुन्हा म्हणत राहिले. माझा धीर मोठा होता.

वर पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. विहाराच्या मागं दगडी ओटा आहे, तिथून सगळा सातपुडा दिसतो. एकामागं एक रांगा, जवळची हिरवट, मागची निळी, त्यामागची नुसती धुरासारखी. मुलं कठड्याशी धावली आणि मला वर्गात कधी ऐकू न आलेला आवाज त्यांच्या तोंडून निघाला. आनंदानं ओरडली ती. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कुठून कळणार?

काळबांडे आले ते त्या आवाजानंच. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले, नीट विंचरलेले पांढरे केस, छातीला स्वयंसेवकाचं फूल.

"ही तुमचीच मुलं ना? जरा आवरा. इथं शांततेचा नियम आहे."

"बहिरी आहेत, साहेब. त्यांना कळत नाही."

"तुम्हाला तर कळतं ना?"

मी मुलांना कठड्यापासून मागं घेतलं. दिवस संघमित्राचा होता.

सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, सगळे पांढऱ्या कपड्यांत. पुढं मूर्ती, शेजारी खुर्चीवर नागपूरहून आलेले पाहुणे. वंदना झाली. तीनशे माणसांचा एक आवाज भिंतींवरून परत येत होता, आणि संघमित्रा मधोमध बसून सगळ्यांचे ओठ बघत होती. तिचेही ओठ हलत होते. तिला ते शब्द ओळखू आले होते! आपण पाच महिने चमच्याखाली शिकलो तेच हे सगळे लोक म्हणताहेत, हे तिला दिसलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तशी तिची मुद्रा मी पुन्हा पाहिली नाही.

काळबांड्यांनी नाव पुकारलं. मी तिला पुढं नेलं, पाठीवर हात ठेवला. नितनवऱ्यांनी पुरुषांच्या रांगेतून उठून टेप तिच्या पायाशी ठेवला, खटका दाबला आणि मागं जाऊन उभे राहिले.

"बू-ध्धं," ती म्हणाली.

ज्यांनी बहिऱ्या मुलाचा आवाज ऐकलेला नाही त्यांना तो सांगणं कठीण आहे. तो घशाच्या तळातून येतो, त्याला चढउतार नसतो. आणि तिला तर तीनशे माणसांपर्यंत पोचायचं होतं, म्हणून तिनं सगळी ताकद लावली.

"स-र-णं."

बायकांच्या बाजूला एक तान्हं रडायला लागलं. मुलींच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू आवरता आवरता आणखी चौघींत गेलं. पाहुण्यांनी काळबांड्यांकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

संघमित्राला ऐकू येत नव्हतं, पण चेहरे वाचायला तर मीच तिला शिकवलं होतं. आपलं चुकलं, असं तिला वाटलं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी मोठ्यानं.

"बू-ध्धं! स-र-"

"बस, बस." काळबांडे मध्ये आले आणि तिच्या तोंडासमोर हात आडवा धरला. "बाई, बंद करा हे. पाहुण्यांना त्रास होतोय."

"साहेब, एकच शब्द राहिलाय."

"झालं तेवढं पुरे."

"तुमचं पत्र आहे माझ्याजवळ. दोन मिनिटं दिलीत तुम्ही. अजून अर्धंही झालेलं नाही."

"मुलगी बोलेल असं लिहिलं होतं तुम्ही," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे काय बोलणं आहे?"

आज चाळीस वर्षं झाली. त्या माणसाचा राग मला अजून येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटतही नाही. जिथं राजानं यावं आणि भिकाऱ्यानं यावं, कुणाला दार बंद नाही असं आपण मुलांना शिकवतो, तिथं नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडासमोर हात आडवा धरायचा? तोही कुणासाठी? खुर्चीवरच्या एका माणसाच्या कानांसाठी?

"हो, हेच बोलणं आहे!" मी म्हणाले. "तुम्हाला फुकट मिळालं ते तिनं कमावलंय. पाच महिने. तिला बोलता येतं, आणि ती बोलणार."

"ताई, पोर घाबरली हो," एक म्हातारी म्हणाली.

पण संघमित्रा घाबरली नव्हती. ती माझ्या आणि काळबांड्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती. त्या वेगानं तिला एक अक्षरही कळलं नसणार. तिला एवढंच कळलं असेल की तोंडाचं इथं काही चालत नाही.

तिनं एक पाऊल मागं घेतलं, मूर्तीकडे तोंड केलं आणि हात उचलले.

आधी एक बोट भुवयांच्या मध्ये. मग दोन्ही तळवे खाली आले आणि पोटाशी एकावर एक विसावले. मग एक तळवा छपरासारखा डोक्यावर, आणि त्या छपराखाली दुसऱ्या हाताची दोन बोटं चालत आली, थांबली. मग दोन्ही हात छातीपासून निघून मूर्तीकडे गेले आणि तिथंच उघडे राहिले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या तीन शब्दांचा अर्थ मी सांगितला होता, हात तिचे.

हसणाऱ्या मुली गप्प झाल्या. त्या म्हातारीनं हात जोडले. खुद्द काळबांडे एक पाऊल बाजूला सरले.

आणि मी? मी नुकतंच तीनशे माणसांसमोर सांगितलं होतं की हिला बोलता येतं. आता ही सगळ्यांना दाखवत होती की येत नाही. मला तेवढंच दिसलं. मी पुढं झाले, तिचे उघडे हात धरले, आणि रोज वर्गात मारावी तशी त्यांवर चापट मारली. एकदा. मग आणखी एकदा.

सभागृहात तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. तिला सोडून.

संघमित्रानं हाताची घडी घातली आणि खाली बघत उभी राहिली. वर्गात उभी राहते तशी.

नितनवरे आले. त्यांनी वाकून टेपचा खटका दाबला, टेप खांद्याला लावला, मुलीचा दंड धरला आणि तिला मागच्या दारानं बाहेर नेलं. मी गोदाबाईंना मुलांपाशी बसवलं आणि त्यांच्यामागं धावले.

ते ओट्यावर कठड्याशी उभे होते. ऊन चढलं होतं, मागच्या रांगा आता दिसत नव्हत्या. माझं तोंड सुरूच होतं.

"कसली माणसं ही, नितनवरे! मी सोडणार नाही. ट्रस्टच्या अध्यक्षांना लिहिते. वर्तमानपत्रात देते. लेकराच्या तोंडासमोर हात धरतात म्हणजे काय?"

ते डोंगराकडे बघत होते.

"तुम्ही काही बोलत का नाही? तुमची मुलगी आहे."

"हे भरलं ना टेपमधी," ते म्हणाले. "घरी तिची माय लावन. तिले काय ऐकू येईन, बाई? आधी पोरीचा आवाज. मंग 'बंद करा'. अन मंग तुमचा फटका."

"तो... तो नियम आहे शाळेचा. तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या भल्यासाठीच..."

"ठाऊक हाये. तुमीच सांगतलं, घरी हात चालवू नका, वाचा येनार नाही. म्या ऐकलं." ते आता माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "शाळेत घालाच्या आधी लय बोलत होती ही. बकरी व्याली, तं बकरी कशी उठली, कशी बसली, पिल्लू कसं पडलं, आख्खं करून दाखवे. आमी दोघं हसू हसू मरू. तीन वर्षं झाले. आता दिवाळीत घरी येते, मी म्हणतो 'जेवली का', ती म्हणते 'बरी आहे'. मी म्हणतो 'माय कुठं गेली', ती म्हणते 'बरी आहे'. तिले तेवढंच येते. मी घरात हात मागं बांधून फिरतो, बाई. चुकून खूण होऊ नये म्हनून. पोरीसंग तीन वर्षांत बोल्लो नाही मी."

"पण आवाज येतोय तिला आता. तुम्ही ऐकलंत."

"ऐकला. दोन शब्द." त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिची हाताची घडी अजून सुटली नव्हती. "त्यायनं तोंड बंद केलं, ते परके व्हते. तुमी हात बंद केले. आता तिनं बोलाव तरी कशानं? पायानं?"

वर्गात मूल अडलं की मी म्हणते, सावकाश आठव, मी थांबते. तिथं माझ्यासाठी कोण थांबणार होतं?

नितनवऱ्यांनी टेप कठड्यावर ठेवला आणि मुलीसमोर खाली बसले. हात पुढं काढले. नखांत ग्रीसचं काळं होतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण बोटं अर्ध्यात थांबली. इतक्या दिवसांत ते विसरले होते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले.

संघमित्रानं आधी माझ्याकडे पाहिलं. परवानगी आहे का, असं. बापाशी बोलायला नऊ वर्षांच्या पोरीला माझ्याकडे बघावं लागलं.

मी मान हलवली. हो.

तिनं घडी सोडली. बापाची बोटं धरून नीट केली, मी चमचा धरून जीभ नीट करायचे तशी, पण किती हलक्या हातानं. मग तिनं बोलायला सुरुवात केली. डोंगर सांगितले, एकामागं एक, लांबचे हळूहळू पुसट होत गेलेले; एवढं मला समजलं. पुढचं समजेना. हात वेगानं चालायला लागले, खांदे, भुवया, गाल सगळेच बोलायला लागले. नितनवऱ्यांनी एकदा तिला थांबवून परत करायला लावलं. मग ते हसले. मग त्यांनी डोळ्यांवर बाही फिरवली आणि काहीतरी विचारलं, आणि ती हसली. तीन वर्षांत मी तिला वर्गातल्या आरशात, मेणबत्तीसमोर, फळ्यासमोर पाहिली होती. अशी कधी नव्हती पाहिली.

मग तिनं माझ्याकडे बोट केलं. या वेळी लपवलं नाही. आणि माझ्याकडे बघत बघत बापाला बरंच काही सांगितलं. नितनवरे ऐकत होते. एकदा त्यांनी मान हलवली, नाही अशी. तिनं परत तेच सांगितलं, ठासून.

अकरा वर्षं मी बहिऱ्या मुलांना शिकवत होते. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणते?" मी विचारलं.

नितनवरे उठले, टेप खांद्याला अडकवला.

"तिलेच इचारा," ते म्हणाले.

मी तिच्यासमोर बसले. ती माझ्या ओठांकडे बघत नव्हती. मी दोन्ही हात वर उचलले, आणि पुढं काय करायचं ते मला येत नव्हतं.